सावंतवाडीचे राजेसाहेब आणि त्यांचा राजवाडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याला जाता-येता सावंतवाडीत थांबणारी मंडळी मोती तलावाच्या काठावर उभी राहून समोरच्या तांबूस वाड्याकडे बघतात आणि साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. त्यातले बरेचसे इथे उत्तरांसह दिले आहेत. बहुतेक प्रश्न शेवटी एकाच माणसापाशी येऊन थांबतात: शिवरामराजे भोसले, सावंतवाडी संस्थानाचे शेवटचे अधिपती. गावातली जुनी माणसं त्यांना नुसतं 'राजेसाहेब' म्हणतात, नाव घ्यायची गरज पडत नाही. पण त्यांच्याबद्दल सांगायचं तर आधीच्या चार-पाच पिढ्या ओलांडूनच यावं लागतं.

राजवाडा म्हणजे सरकारी म्युझियम आहे का?

नाही. घराण्याची खासगी मालमत्ता आहे आणि घराणं आजही तिथेच राहतं. दरबार हॉल आणि आणखी काही भाग तिकीट काढून बघता येतो. बाकीचं घर आहे. दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावू नका.

हे भोसले म्हणजे सातारचे भोसले का?

वेगळं घराणं. पूर्ण नाव सावंत-भोसले. यांची सुरुवात विजापूरच्या आदिलशाहीत झाली. 1554 मध्ये मांग सावंतांनी होडावडे गावात ठाण मांडून विजापूरशी वैर घेतलं आणि मरेपर्यंत ते कुणापुढे नमले नाहीत. त्यांच्यामागून आलेले पुन्हा विजापूरचे मांडलिक झाले. 1627 मध्ये पहिले खेम सावंत स्वतंत्र झाले आणि संस्थानाची गणती तिथून धरतात.

शिवाजी महाराजांशी यांचे संबंध कसे होते, हा पुढचा प्रश्न ठरलेला. खरं सांगायचं तर सरळ नव्हते. लखम सावंतांनी महाराजांचं वर्चस्व मान्य केलं, मग फिरले, लढाई झाली, पुन्हा जुळतं घेतलं. इथे ही गोष्ट कुणी फार मोठ्यानं सांगत नाही, पण त्यात लपवण्यासारखं काही नाही. घाटावर विजापूर आणि मराठे, दक्षिणेला पोर्तुगीज, पुढे समुद्रावर आंग्रे. अशा चौघांच्या कचाट्यात सापडलेल्या सरदेसायाला, म्हणजे परगण्याच्या वतनदाराला, वारा बघून शीड फिरवावंच लागे.

संस्थान किती मोठं होतं?

सुमारे 925 चौरस मैल. 1901 च्या खानेसुमारीत लोकसंख्या दोन लाख सतरा हजारांच्या आसपास होती. इंग्रजी अमलात राजांना 9 तोफांची सलामी असे. म्हणजे बडोदा-ग्वाल्हेरच्या रांगेत बसणारं हे संस्थान नव्हे. पर्यटकांना वाटतं तेवढी गडगंज श्रीमंतीही इथे कधी नव्हती. भात, नारळ, सुपारी, काजू आणि डोंगर यांवर उभं असलेलं राज्य ते.

इतके खेम सावंत कसे? कोणता कोण ते कसं ओळखायचं?

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे खेम, फोंड आणि लखम ही नावं फिरून फिरून येतात. तुम्हाला दोघं लक्षात ठेवली तरी पुरे. तिसरे खेम सावंत (कारकीर्द 1755 ते 1803) म्हणजे राजवाडा बांधणारे. पाचवे खेम सावंत म्हणजे बापूसाहेब महाराज, शिवरामराजांचे वडील. गावातल्या पंचम खेमराज महाविद्यालयाला नाव त्यांचंच.

राजवाडा कधी बांधला? त्यात बघण्यासारखं काय?

तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1763 मध्ये त्यांचं लग्न जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी झालं आणि शिंद्यांच्या वजनामुळे दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहाद्दर' हा किताब मिळाला. हा मान कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत खुपला आणि पुढे बरीच वर्षं लढाया चालल्या. वाडा उभा राहिला तो असल्या धामधुमीत.

बांधकाम जांभ्याचं. खाणीतून काढताना हा दगड कुऱ्हाडीनं तासता येतो आणि हवा लागली की टणक होतो. कोकणातली घरं, विहिरी, गडगे सगळे याच दगडाचे, तेव्हा राजाचा वाडा आणि शेजारच्या गावातलं घर एकाच मातीतलं दिसतं. मला तरी या वाड्याची हीच बाजू आवडते. राजस्थानातले महाल डोळ्यांसमोर ठेवून आलेले लोक 'एवढंच?' असा चेहरा करतात. त्यांना थोडा वेळ व्हरांड्यात बसायला सांगावं.

वाड्यासमोरचा मोती तलाव मात्र त्या काळचा नाही, तो 1874 चा. तलावाच्या बाजूनं आत येताना लागतं ते लेस्टर गेट, तेही इंग्रजी अमदानीतलं. आत दरबार हॉलमध्ये झुंबरं, जुनी छायाचित्रं, शिकारीच्या खुणा. या वस्तू कुठल्याही संस्थानी वाड्यात दिसतील. इथलं वेगळेपण हॉलच्या एका बाजूला आहे: रंगाच्या वाट्या मांडून बसलेले चितारी. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कोकणच्या पावसात असा वाडा टिकतो कसा?

कष्टानं. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शेजारच्या आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त. भिंत जांभ्याची असली तरी छप्पर, वासे आणि पन्हाळी दर वर्षी माणूस मागतात. जुनं कौलारू घर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, मे महिन्यात कौलं परतायला माणसं मिळवताना काय होतं ते. वाळवी हा दुसरा शत्रू. कोकणात घर बंद ठेवलं की पाच-सहा पावसाळ्यांत ते जमिनीला टेकतं, मग ते खोताचं असो की राजाचं. हा वाडा उभा आहे, कारण तो ओस पडू दिलेला नाही.

तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीचा होता म्हणतात. मग तो गोव्यात कसा?

सावंतवाडीकरांनीच बांधला, सतराव्या शतकात. 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला आणि पुन्हा परत आला नाही. म्हणून तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही ते गाव आजही गोव्यात मोडतं. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता.

पेडण्याचीही तीच गत. कोल्हापूरशी चाललेल्या लढायांत मदत हवी म्हणून तिसऱ्या खेम सावंतांनी 1788 मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांना दिला. डिचोली आणि सत्तरी त्याआधीच गेले होते. गोव्याच्या इतिहासात ज्यांना 'नव्या काबिजादी' (पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेला मुलूख) म्हणतात त्यातला उत्तरेकडचा मोठा तुकडा असा सावंतवाडीच्या पदरातून सुटलेला आहे. पेडण्याची आणि सावंतवाडीकडच्या बांद्याची बोली, देवस्थानं, दशावतारी नाटकं एकसारखी का वाटतात, याचं उत्तर इथे आहे. सरहद्द नंतर आली.

सिंधुदुर्ग किल्लाही यांचाच का?

नाही. तो शिवाजी महाराजांनी मालवणला बांधला, काम 1664 मध्ये सुरू झालं. जिल्ह्याच्या नावामुळे गोंधळ होतो.

इंग्रजांनी राज्य घेतलं होतं का?

खालसा केलं नाही, पण कारभार घेतला. 1812 मध्ये वेंगुर्ला बंदर त्यांच्याकडे गेलं, 1819 च्या तहानं सावंतवाडीनं इंग्रजांचं वर्चस्व मान्य केलं आणि 1838 मध्ये गैरकारभाराचं कारण दाखवून त्यांनी सगळा कारभारच हातात घेतला. त्यावरून बंडं झाली. 1844 चं गडकऱ्यांचं, म्हणजे किल्ले राखणाऱ्या शिबंदीचं, बंड कोल्हापुरापासून इकडे सावंतवाडीपर्यंत पसरलं होतं. पुढे बराच काळ गादीवर राजा आणि दप्तरात इंग्रजांचा पोलिटिकल एजंट असा मामला राहिला.

हे नीट लक्षात घ्यावं असं मला वाटतं, कारण 1948 नंतर हे घराणं इतरांसारखं कोलमडलं का नाही याचं अर्धं कारण यात आहे. सत्ता हातात नसताना मान कसा राखायचा, हे त्यांना शंभर वर्षं आधीपासून माहीत होतं.

बापूसाहेब महाराजांबद्दल लोक इतक्या आदरानं का बोलतात?

जन्म 20 ऑगस्ट 1897. वडील 1913 मध्ये वारले तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर गेले. राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले 1924 मध्ये, आणि 4 जुलै 1937 ला, चाळिशीही गाठायच्या आधी, ते गेले. म्हणजे कारभाराला मिळाली तेरा वर्षं. तेवढ्यात त्यांनी जे नाव मिळवलं ते अजून गावात चालतं. साध्या कपड्यांत पायी फिरणारा, कुणाच्याही पडवीत टेकणारा राजा, अशा गोष्टी घरोघरी सांगतात. गांधीजींनी त्यांच्या राज्याला 'रामराज्य' म्हटलं, हेही इथे सगळ्यांच्या तोंडी असतं. तेरा वर्षांत कुणी रामराज्य आणत नाही. पण मेलेल्या राजाची इतकी वर्षं तक्रार ऐकू येत नाही, तेव्हा माणूस चांगला असणार.

शिवरामराजे किती वर्षं राजे होते?

कसं मोजता त्यावर आहे. जन्म 13 ऑगस्ट 1927, वडील गेले तेव्हा वय पुरतं दहा नाही. राज्याभिषेक नावाला, कारभार रीजंट म्हणून आईसाहेबांकडे: राणी पार्वतीदेवी. या बडोद्याच्या, सयाजीराव गायकवाडांची नात. दहा वर्षं त्यांनी संस्थान सांभाळलं, त्यात दुसरं महायुद्ध आणि धान्यटंचाई येऊन गेली. गावातल्या राणी पार्वतीदेवी हायस्कूलवरून रोज शेकडो माणसं जातात, पण ती बाई कोण हे विचारणारा पर्यटक मला क्वचितच भेटला.

मे 1947 मध्ये शिवरामराजांच्या हाती अधिकार आले. तीन महिन्यांत देश स्वतंत्र झाला. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा भाग बनलं. (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1981 ला.) विशीत पाऊल टाकलेला हा तरुण पूर्णाधिकारी राजा म्हणून वर्षभरही बसला नाही.

मग त्यांनी पुढे केलं काय?

निवडणुका लढवल्या. सावंतवाडीतून ते एकाहून जास्त वेळा विधानसभेवर निवडून गेले. काल ज्यांचे मुजरे घेतले त्यांच्याच दारात आज हात जोडून मत मागायचं, हे सगळ्या संस्थानिकांना जमलं नाही. यांना जमलं, बहुधा बापूसाहेबांची पुण्याई कामी आली असेल. शिक्षणसंस्थांच्या कामात त्यांनी लक्ष घातलं. पंचम खेमराज महाविद्यालय 1961 चं, म्हणजे तळकोकणात कॉलेज ही चैन होती तेव्हाचं. त्याआधी इथल्या मुलांनी शिकायचं तर कोल्हापूर, बेळगाव किंवा मुंबई गाठायची.

1995 मध्ये ते गेले.

जमिनी आणि तनखा गेल्यावर घर कशावर चाललं?

कोकणात 1948 चा कुळकायदा आणि 1957 पासून लागू झालेलं 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व यांनी जमीनदारीचा कणाच मोडला. मोठमोठ्या खोतांच्या वाड्यांना कुलपं लागली ती तेव्हाच. तनखे, म्हणजे संस्थानिकांना सरकारकडून मिळणारी वार्षिक रक्कम, 1971 मध्ये घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीनं बंद झाले. राजा, महाराजा हे किताबही कायद्याच्या लेखी संपले.

आणि त्याच 1971 मध्ये राजवाड्यात 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू झालं. तारखा अशा जुळणं योगायोग असेलही. पण तनखा बंद झाला त्या वर्षी एका राजानं आपल्या दरबार हॉलात कारागिरांचा कारखाना मांडावा, ही गोष्ट मला या घराण्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटते. तलवारी आणि झुंबरं तिथेच राहिली. त्यांच्या खाली लाखेचा आणि रंगाचा वास यायला लागला.

गंजिफा म्हणजे नेमकं काय?

गोल, हातानं रंगवलेले पत्ते. मूळ इराणी खेळ. बाबरानं 1527 मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत 8 रंग आणि 96 पानं. दख्खनात आल्यावर आपल्या लोकांनी त्यात दशावतार बसवले: मत्स्य ते कल्की असे 10 रंग, प्रत्येकाची 12 पानं, एकूण 120. सावंतवाडीत हा खेळ तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात तेलंगणातल्या विद्वानांकडून आला असं सांगतात.

प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी पानं. मत्स्याच्या चौक्यावर चार मासे, परशुरामाच्या पानांवर परशू, अशा खुणा. तिघे खेळतात, चाळीस-चाळीस पानं वाटून. हुकूम नसतो. आणि गंमत अशी की पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. दिवसा डाव असेल तर ज्याच्याकडे राम आहे त्यानं उतारी करायची, रात्री असेल तर कृष्णवाल्यानं. कुठली पानं पडून गेली हे ज्याच्या ध्यानात राहतं तो जिंकतो. ब्रिज खेळणाऱ्यांना हे लवकर कळतं, रमी खेळणारे कंटाळतात.

हा खेळ बंद का पडला होता?

छापील पत्ते आले, स्वस्त आले आणि चौकोनी असल्यानं हातात नीट धरता आले. हातानं रंगवलेला एक संच करायला कित्येक दिवस लागतात. आधी कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून घोटायचे, गोल कापायचे, जमीन रंगवायची, चित्र काढायचं, लाख चढवायची. एवढं करून घेणारा कोण? शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी चौकशी सुरू केली तेव्हा गावात ही विद्या येणारा एक म्हातारा चितारी तेवढा उरला होता.

राणी सत्वशीलादेवींचा यात वाटा किती?

निम्म्याहून जास्त. त्याही बडोद्याच्या. त्या म्हाताऱ्या कारागिराकडून नवे चितारी तयार व्हावेत म्हणून दोघांनी खटपट केली, पण हातात कुंचला घेऊन शिकायला बसल्या त्या राणीसाहेब. त्या काळी चितारकाम हे चितारी समाजाचं, ठरावीक घरांचं काम होतं. राजघराण्यातली बाई त्यांच्या गुरूपुढे विद्यार्थिनी म्हणून बसते, हे पाहणाऱ्यांना कसं वाटलं असेल? मग गावातली इतर मुलंमुलीही शिकायला आली. 2018 मध्ये त्या गेल्या, तोवर कामावर नजर त्यांचीच. रेषा जाड पडली तर पान परत जायचं, असं जुने कारागीर सांगतात.

आज सावंतवाडीच्या गंजिफेला आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मानांकनानं चितारी तयार होत नाहीत हे खरं, पण बाहेरचा छापील माल 'सावंतवाडीचा' म्हणून खपवणाऱ्यांना थोडा चाप बसतो.

लाकडी खेळणीसुद्धा राजवाड्यातच होतात का?

मुख्यतः गावात, चितारआळीत. पाट, पोळपाट, भातुकली, भोवरे आणि ती प्रसिद्ध लाकडी फळं. फळांसाठी पूर्वापार पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरतात. कातावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणानं ती वितळून रंग चढतो, मग केवड्याच्या पात्यानं घासून चकाकी आणतात. लाकडी आंब्याला देठाजवळची लाली ज्यानं नीट दिली तो खरा कारागीर. दुकानात घेताना ती बघा.

राजवाड्यात मुक्काम करता येतो का?

हो. ताईसाहेब वाडा नावाच्या भागात मोजक्या खोल्यांचं हॉटेल घराण्यानं काढलं आहे, सजावट गंजिफेच्या चित्रांची. खिशाला जड आहे. नाही परवडलं तरी तलावाकाठच्या साध्या लॉजमधून सकाळी राजवाडा फुकट दिसतो.

जायचं कसं, आणि वेळ किती ठेवावा?

कोकण रेल्वेचं सावंतवाडी रोड स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून रिक्षा. विमानानं आलात तर गोव्यातलं मोपा किंवा सिंधुदुर्गातलं चिपी. मुंबई-गोवा महामार्गावर झारापपासून पत्रादेवीपर्यंतचा नवा रस्ता गावाला बगल देऊन जातो, तेव्हा गाडी आत वळवायची आठवण ठेवा. बरेचजण सरळ गोव्यात पोचतात आणि मग फोन करतात.

अर्धा दिवस पुरेल. आधी दरबार हॉल, मग चितारआळी. उलट केलंत तर दुकानातल्या रंगीत फळांनंतर गंजिफेच्या बारीक रेषा बघायला डोळा राहत नाही. दुपारी वाडा काही वेळ बंद असतो, वेळा विचारून जा.

चितारी काम करत असताना फोटो काढले तर चालतात का?

आधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. फ्लॅश मारू नका, आणि रंगवायला घेतलेलं पान हातात उचलून बघू नका, रंग ओला असतो.

घराण्यातल्या कुणाला भेटता येईल?

ठरवून काही नाही. कधी एखादी व्यक्ती कारागिरांशी बोलताना हॉलमध्ये दिसते. दिसली तर नमस्कार करा, गंजिफेबद्दल विचारा. सेल्फी मागितलात तर नाही म्हणणार नाहीत, पण गंजिफेबद्दल विचारलंत तर अर्धा तास सुटणार नाही.